बेटांची विहीर आणि आपली विहीर

(धर्मग्रामाच्या महोत्सवी सभेत केलेले भाषण)



महोत्सवाच्या मंगलसमयी आम्ही पाण्याविषयी बोलावे, आणि तेही पॅसिफिक महासागरातील बेटांच्या पाण्याविषयी, हे कित्येकांस विलक्षण वाटेल. जालना जिल्हा कोठे आणि ती बेटे कोठे! परंतु किंचित विचार केल्यास दिसून येईल की, त्या बेटवासीयांचे दुःख आणि आपले दुःख एकाच जातीचे आहे. आणि म्हणूनच त्यांस साहाय्य कसे करावे, याविषयी दोन शब्द बोलण्याचा अधिकार आपल्या जिल्ह्यास आहे.

किरिबाती नावाचे एक राष्ट्र आहे. बेटे ३३; बहुतेक सारी प्रवाळांची, आणि समुद्राहून दोन-तीन मीटरच काय ती उंच. लोकसंख्या सव्वा लाखाच्या आसपास, म्हणजे एकट्या जालना शहराच्या निम्म्याहूनही कमी. आणि त्यांतील निम्म्याहून अधिक लोक कॅथलिक, आपलेच धर्मबांधव. तेथे नदी नाही, ओढा नाही. पावसाचे पाणी प्रवाळाच्या वाळूत मुरते आणि, दुधावर साय धरावी तसे, खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते. त्या सायीवरच त्यांच्या विहिरी, आणि तिच्यापर्यंत खणलेल्या खड्ड्यांतच बाबाई नावाचा, अळूच्या जातीचा, कंद पिकतो. आता पृथ्वी तापली आणि समुद्र चढू लागला. उधाणाची लाट बेटावरून गेली की विहीर खारट होते; पाऊस रुसला आणि उपसा वाढला, तर खालून खारे पाणी वर येते. ज्या धुराने हे घडले, त्यांतील त्यांचा वाटा नगण्य आहे.

शेजारच्या तुवालू राष्ट्रास २०११ साली अवर्षणापायी आणीबाणी जाहीर करावी लागली. मालदीवची राजधानी माले येथे २०१४ च्या डिसेंबरात समुद्राचे पाणी गोडे करणाऱ्या कारखान्यास आग लागली, तेव्हा आपल्या देशाने विमानांनी व जहाजांनी पाणी धाडले. त्यानंतर दीड वर्षही लोटले नाही, तोच २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून आगगाडीने लातुरास पाणी आणावे लागले! एक गाव समुद्राने वेढलेले, दुसरे समुद्रापासून शेकडो मैल दूर. परंतु दोन्ही एकाच घागरीसाठी तिष्ठत उभी. आपल्या काळ्या मातीखाली कठीण कातळ आहे. त्याच्या फटींत मावेल तेवढेच आपले पाणी. बेटाला साय, आपल्याला फट. दोघांचाही ठेवा पावसाचा आणि तुटपुंजा.

अशा ठिकाणी बाहेरून आलेले साहाय्य कसे फळास येते, हे पाहावयाचे तर कडवंचीस जावे. जालना तालुक्यातील या गावी १९९६ पासून इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमाचे काम झाले. पैसा जर्मनीचा, तो आला नाबार्डमार्फत. मार्गदर्शन खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राचे. या कार्यक्रमामागे स्वित्झर्लंडहून १९४८ साली आलेल्या येशूसंघीय फादर हर्मन बाखर यांची प्रेरणा होती. अहमदनगर जिल्ह्यातील, म्हणजे आताच्या अहिल्यानगरातील, खेडुतांत त्यांनी जन्म घालविला. २०२१ साली ते प्रभूकडे गेले. त्यांचा दंडक असा की, गावाने आधी श्रमदान करावे, चराईबंदी व कुऱ्हाडबंदी पाळावी, आपली समिती आपण निवडावी, मग पैसा. माथ्यावर चर, उतारावर बांध, पायथ्याशी नालाबांध, असे काम माथ्यापासून पायथ्यापर्यंत उतरत आले. म्हणूनच २०१२ च्या भीषण अवर्षणातही कडवंचीच्या द्राक्षबागा तगल्या.

बेटांनाही असेच साहाय्य हवे. दुरून कोणी येऊन भिंत बांधली आणि ती चुकीच्या जागी पडली, तर लाट शेजाऱ्याचा किनारा खाते. उलट किरिबातीचे लोक स्वतःच्या हातांनी खारफुटी लावतात, ती किनाऱ्यास धरून ठेवते. आपल्या देशाने लहान बेटराष्ट्रांच्या टिकाऊ बांधकामांसाठी २०२१ साली ग्लासगो येथे एका योजनेस आरंभ केला. २०२२ साली शर्म अल-शेख येथे हानिग्रस्त राष्ट्रांसाठी निधी उभारण्याचे जगाने मान्य केले. हे योग्यच झाले. मात्र पैशाबरोबर बाखरबाबांचा दंडकही जावा, एवढीच आमची विनवणी.

एक कटु गोष्टही सांगितली पाहिजे. शेततळे पावसाच्या पाण्याने भरले तर ते पुण्य. विहीर उपसून भरले तर ते नवे पाणी नव्हे, शेजाऱ्याच्या विहिरीतले आहे. बेटावर अति उपसणारा साऱ्या वाडीची विहीर खारट करतो. येथे अति उपसणारा साऱ्या शिवाराची कोरडी करतो. हवामान हे सर्वांचे सामाईक धन आहे, असे दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली आपल्या विश्वपत्रात शिकविले. भूमीच्या पोटातील पाण्यालाही तोच न्याय लागू नाही काय?

किरिबाती सरकारने २०१४ साली फिजी बेटांत जमीन विकत घेऊन ठेवली. आपला ऊसतोड मजूर दिवाळीच्या सुमारास बिऱ्हाड घेऊन निघतो, पण हंगाम संपताच गावी परततो. ज्याचे गावच समुद्राने गिळले, त्याने परतावे कोठे?

म्हणून या महोत्सवाची खूण म्हणून आम्ही दोन गोष्टी सुचवितो. उपवासकाळातील दानाचा काही अंश त्या दूरच्या बांधवांसाठी वेगळा काढावा. आणि मंदिराच्या व आपापल्या घरांच्या छपरावरील पाणी यंदापासून वाहून जाऊ देऊ नये. शंभर चौरस मीटर छपरावर ६०० मिलिमीटर पाऊस पडला, तर ६०,००० लिटर पाणी होते. ते टाकीत साठवा, विहिरीत मुरवा. किरिबातीतही छपराचे पाणी असेच टाकीत धरतात. जो स्वतःच्या अंगणातील थेंब राखतो, त्याच्या दानाला वजन येते.

प्रभू आपणां सर्वांस तशी बुद्धी व बळ देवो.