सोंगटी मारावी, पण कोणती?

श्रोतेहो, तुळजापुरात सारीपाटाविषयी बोलावयाचे म्हणजे आरंभ आई भवानीपासूनच करावा लागतो. कारण भारतीबुवांच्या मठात आई सारीपाट खेळावयास येत असे, ही आख्यायिका येथे वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकली नाही असा माणूस विरळा, आणि वेरूळच्या लेण्यांत अक्षक्रीडेत रमलेले शिवपार्वती ज्याने पाहिले, त्याला या खेळाची थोरवी निराळी सांगण्याचे प्रयोजन नाही.

पट आपल्या परिचयाचा आहे. चार पट्टे, प्रत्येकात २४ घरे, १६ सोंगट्या, आणि एक, दोन, पाच, सहा एवढेच ठिपके असलेले तीन लांबट फासे. अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त वर्णिलेले फासेही असेच आहेत. तेव्हा नियमांचा विस्तार करीत नाही. प्रसंग एकच घेतो. डाव नुकता मांडला आहे, आणि दान असे पडले की प्रतिपक्षाच्या दोन सोंगट्यांपैकी कोणतीही एक मारता येते. कोणती मारावी?

बहुतेक जण पुढे गेलेली मारतात. तिचे श्रम अधिक वाया जातात, हा हिशेब उत्तरार्धात खरा आहे. परंतु आरंभी कोणीच फार दूर गेलेले नसते, आणि सात-आठ घरांचे नुकसान एका दानात भरून निघते. म्हणून आरंभी पाहावयाचे ते हे, की मारल्यानंतर आपली सोंगटी कोठे उभी राहते आणि तिच्या मागे किती घरांवर शत्रू आहे.

येथे थोडे थांबू या. तीन फाशांची दाने ६४ प्रकारांनी पडतात. शत्रू सहा घरे मागे असेल, तर सहा पडून, पाच-एक मिळून किंवा तीन दोन येऊन, ५० प्रकारांनी तो आपणांस गाठतो. तोच चार घरांवर असेल, तर दोन-दोन किंवा दोन-एक-एक याखेरीज त्याला मार्ग नाही. असे प्रकार अवघे १३. म्हणजे जवळ आलेल्या शत्रूपेक्षा दूरचा शत्रू येथे अधिक घातक ठरतो! म्हणून पुन्हा सांगतो, काय मारले ते मागाहून पाहा. कोठे उभे राहिलो ते आधी पाहा.

दुसरे असे, की मारण्याच्या मोहाने जुग, म्हणजे एकाच घरातील आपल्या दोन सोंगट्यांची जोडी, फोडू नये. उलट, उरलेल्या फाशाने आपली दुसरी सोंगटी त्याच घरात आणून तेथे जुग बांधता येत असेल, तर बेलाशक मारावे, मग मेलेली सोंगटी कितीही मागची असो.

आणि एक स्पष्ट बोलतो, राग मानू नये. आपल्याच पचिशीवरून इंग्लंडात बेतलेल्या आणि १८९६ साली तेथे पेटंट घेतलेल्या लुडोत मुले एका फाशाच्या नशिबावर बसून राहतात, आणि आजीने जरीकाठ लावून शिवलेला पट मात्र ट्रंकेत घडी पडून फाटतो. दिवाळीच्या पाडव्याला, द्यूतप्रतिपदेला तरी तो बाहेर काढावा. मुलांना तीन फाशांचे दान वाटून कसे खेळावे हे शिकवावे. सोंगटी मारताना पटावर आपटू नये, हेही शिकवावे.

दोन खेळाडूंची भागी, भिडूची सोंगटी राखण्याचा दस्तूर, यांविषयी बोलावयाचे राहिलेच, आणि वेळ संपल्याची खूण झाली आहे. एवढेच सांगून टाकतो, की आपल्या मागे शत्रूची एकही सोंगटी उरली नसेल आणि मेलेली सोंगटीही इतक्यात पाठीवर येण्याचा संभव नसेल, तर मात्र खुशाल पुढचीच मारावी.