नदीची वही सोपवताना



पवनेचे पाणी दर महिन्याला तपासणाऱ्या आमच्या लहानशा गटाची धुरा जुन्या प्रमुखांकडून नव्या पिढीकडे गेली, त्याविषयी चार शब्द बोलावेत असा आपला आग्रह, म्हणून आम्ही उभे आहोत. हारतुरे झाले, फोटो निघाले. त्यात सांगण्यासारखे काही नाही. सांगायचे ते त्यानंतरचे.

सह्याद्रीत उगम पावणारी पवना रावेतच्या बंधाऱ्यापाशी आपली तहान भागवते, आणि चिंचवड, पिंपरी करीत दापोडीला मुळेस मिळते. पलीकडे चाकणच्या अंगाला इंद्रायणी. तिच्यावरचा फेस आळंदीला जाणाऱ्या वारकऱ्यांनी डोळ्यांनी पाहिला आहे. प्रदूषण नियंत्रण मंडळ ठरलेल्या ठिकाणी पाणी तपासते. पण दोन ठिकाणांच्या मध्ये जो नाला येऊन मिळतो, त्याची वेगळी नोंद कोण ठेवणार? म्हणून आमची वही.

आमचे जुने प्रमुख, ज्यांना सारे दादा म्हणतात, कारखान्यातून निवृत्त झालेले. प्रकृती साथ देईना, तेव्हा त्यांनी वही सोडली. जागी कोण, यावर आमच्यातच वाद झाला. कुणी म्हणाले, एखादा निवृत्त साहेब असावा, कचेरीत वजन पडते. आमचे मत निराळे पडले. तीन वर्षे चिखलात उतरून बाटल्या भरणारी एक महाविद्यालयीन मुलगी समोर असताना वजन कशाला शोधायचे? तिचीच निवड झाली.

पहिल्या दोन महिन्यांतच पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूचा आकडा वर गेला. स्नानाच्या पाण्यात तो लिटरला किमान ५ मिलिग्रॅम असावा लागतो. आमच्या वहीत तो बहुधा खालीच असे, आता वर! आम्हाला कोण आनंद. 'पवना सुधारली' असे पत्रकही लिहून झाले. छापायला देण्यापूर्वी दादांना दाखवले. त्यांनी एकच विचारले, "पाणी किती वाजता घेतलंस, पोरी?"

कॉलेज सुटल्यावर, चार वाजता.

दादा ते सकाळी साडेसातला घेत. उन्हात पाण्यातले शेवाळ प्राणवायू सोडते, म्हणून दुपारी आकडा चढतो. रात्रभर शेवाळ, मासे, जिवाणू सारेच तो वापरतात, म्हणून पहाटे उतरतो. नदी होती तशीच होती, घड्याळ बदलले होते. पत्रक छापले असते तर नाला सोडणाऱ्याच्या हाती आम्हीच आयता दाखला दिला असता.

मुलीच्या डोळ्यांत पाणी आले. पण चूक तिची नव्हती, आमची होती. वहीत तारीख होती, वेळेचा रकानाच नव्हता. वेळ दादांच्या डोक्यात होती, आणि डोके काही हारासोबत देता येत नाही.

आपल्याच जिल्ह्यात, पुरंदरच्या नायगावी, १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. पाणी जमिनीवर नव्हे, घरातल्या माणसांवर मोजायचे: माणशी अर्धा एकर, कुटुंबाला फार तर अडीच, भूमिहीनालाही वाटा, ऊस लावायचा नाही. २००२ साली विलासराव गेले. पुढे कल्पनाताई साळुंखे यांनी काम चालवले. नियम इतके सोपे की निरक्षर माणसालाही तोंडपाठ व्हावेत. आमचा नियम मात्र एकट्या दादांनाच ठाऊक!

आता वहीत वेळ, घाटाची पायरी आणि बाटली भरणाऱ्याचे नाव हे रकाने आले आहेत. बाटली पाण्याखाली धरून, बुडबुडा न राहता कशी भरायची आणि प्राणवायूचे रसायन काठावरच, तिथल्या तिथे का घालायचे, हेही पहिल्या पानावर लिहिले आहे. ते दादांनी सांगितले, मुलीने लिहिले. वर्षभर दादा सोबत येणार आहेत, पण काठावर बसून. विचारल्याशिवाय बोलायचे नाही, ही अट त्यांनीच घातली. ती पाळणे त्यांना किती जड जाते, ते आम्ही दर वेळी पाहतो.

ते दुपारचे दोन आकडे आम्ही खोडले नाहीत. शेजारी लाल शाईने 'दु. ४' लिहून ठेवले आहे. पुढची तपासणी येत्या रविवारी. विद्यार्थी मित्रांनी जरूर यावे. साडेसात म्हणजे साडेसात, आणि घाटावर शेवाळ आहे, चपला जपून.