दुसरा खळगा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझी उमेदीची वर्षे प्रयोगशाळेत गेली. तिथल्या कामाविषयी दोन शब्द सांगा, असा कार्यवाहबाईंचा आग्रह पडला, म्हणून आपल्यापुढे उभी आहे.

आपल्या रक्तात टी पेशी नावाच्या पांढऱ्या पेशी असतात. रोगट पेशी ओळखून मारणे हे त्यांचे काम. कर्करोगाच्या गाठीवर त्या चालून जातात का, हे कसे कळावे? १९६८ साली प्रसिद्ध झालेली एक युक्ती पुढे सर्वत्र रूढ झाली. गाठीच्या पेशींत किरणोत्सारी क्रोमियम भरायचे, बशीतल्या खळग्यात त्यांच्यावर टी पेशी सोडायच्या आणि चार तास थांबायचे. पेशी मेली की क्रोमियम बाहेरच्या द्रवात उतरते. कच्च्या रंगाचे लुगडे बादलीत रंग सोडते तसे. ते मोजायचे.

पण शेजारी दुसरा खळगा हवाच. त्यात टी पेशी घालायच्या नाहीत. थोडे क्रोमियम आपोआपही गळते. ते वजा केल्याशिवाय आकड्याला किंमत नाही.

पुढे एलिस्पॉट आली. तिच्यात जागी झालेली एकेक टी पेशी एकेक ठिपका उमटवते. रांगोळीचे ठिपके मोजावेत तसे ते मोजतात. तरीही रक्तात अशा पेशी पुष्कळ सापडल्या म्हणजे गाठ विरतेच, असे नाही. गाठ त्यांना लगाम घालते. तो लगाम सोडवण्याच्या शोधाबद्दल ॲलिसन आणि होंजो यांना २०१८ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

आता घरची गोष्ट. माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या स्तनात गाठ आली. कुणी एका गृहस्थांनी ‘प्रतिकारशक्ती वाढवणारी’ पूड दिली. चार महिने त्या ती घेत होत्या. मला कळले तेव्हा मी विचारले, “वहिनी, शक्ती वाढली हे कशावरून?” म्हणाल्या, “अगं, तरतरी वाटते ना!” दुसरा खळगा कुठेच नव्हता. शस्त्रक्रिया झाली तेव्हा रोग काखेपर्यंत पोचला होता. आज त्या पहिल्या रांगेत बसल्या आहेत. हे सांगायला त्यांनीच मला बजावले आहे.

भगिनींनो, शक्ती वाढवून देतो असे कुणी म्हटले, तर कशाने मोजली आणि कशाशी ताडून पाहिली, एवढे विचारा. आणि गाठ हाताला लागली, तर संकोच न करता त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा.