डब्यातला कूट

उपासाच्या पदार्थाला शाळेत बंदी असू शकते, हे मला कॅनडातल्या ओंटारिओत आल्यावर कळलं. मुलीचा साबुदाण्याच्या खिचडीचा डबा न उघडता परत आला. सोबत चिठ्ठी: वर्गात एका मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. मी चिडले. दुसऱ्या दिवशी कूटबिट काही नाही, नुसती खोबऱ्याची चटणी आणि पोळी दिली. डबा भरून झाला आणि मिक्सरचं झाकण धुताना दिसलं, रबरात कालचा कूट तसाच अडकलेला. चटणी त्याच भांड्यात वाटलेली!

तेव्हा मला सब्रीना शॅननची गोष्ट उमगली. २००३ साली याच प्रांतात ही १३ वर्षांची मुलगी शाळेच्या कँटीनमधले फ्रेंच फ्राइज खाऊन दगावली. तिला दुधाची ॲलर्जी होती. फ्राइजमध्ये दूध नव्हतंच. चीजला लागलेला चिमटा बहुधा फ्राइजना लागला. तिला वाटलं दमाच उसळलाय, आणि एपिपेन, म्हणजे ॲलर्जीचा झटका आला की टोचायचं इंजेक्शनचं पेन, होतं लॉकरमध्ये.

तिच्या नावाचा कायदा १ जानेवारी २००६ पासून लागू झाला. त्यात शेंगदाण्यावर बंदी नाही. ॲलर्जीच्या पदार्थाशी संपर्क येण्याचा धोका कमी करा, ॲलर्जी असलेल्या प्रत्येक मुलाची स्वतंत्र योजना आखा, शिक्षकांना शिकवा, असं तो शाळांना सांगतो. मला हे पटतं. बंदी घालायची तर दुधावरही घालाल का? मॅसॅच्युसेट्समधल्या शाळांचा अभ्यास २०१७ साली आला. शेंगदाणाबंदीच्या शाळांत हे इंजेक्शन टोचायची वेळ काही कमी वेळा आली नव्हती. वेगळं शेंगदाणामुक्त टेबल असलेल्या शाळांत मात्र ती कमी आली.

बालवर्गाचं मात्र वेगळं. तिथे मुलं एकमेकांच्या डब्यात बोटं घालणारच, त्यामुळे तिथे कूट नको म्हटलं तर कुरकुरू नये.

मुलीच्या वर्गातला तो शेंगदाण्याची ॲलर्जी असलेला मुलगा पुढे आमच्याकडे वाढदिवसाला आला. त्याच्या आईने सरावाचं पेन माझ्या हातात दिलं. निळं टोक आभाळाकडे, नारिंगी मांडीकडे. दाबायचं, मग लगेच ९११ला फोन. ॲलर्जीच्या गोळीवर विसंबून थांबायचं नाही. मी तीनदा करून दाखवलं तेव्हा कुठे ती निघाली. पुऱ्या आणि बटाट्याची भाजी केली होती. मिक्सर आदल्या रात्रीच कपाटात गेला होता.