दोन भाषांमधला सांधा

(स्नेहमेळाव्यातील भाषण)



समितीने मला सांगितलं, "दहा मिनिटं बोल, पण सगळ्यांना कळेल असं बोल." दुसरी अट अवघड आहे. आपल्या वर्गात डॉक्टर आहेत, शेतकरी आहेत, दुकानदार आहेत, शिक्षिका आहेत. त्यांचं काम डोळ्यांना दिसतं. माझं दिसत नाही. म्हणून अलीकडचं एकच काम सांगते.

एका रुग्णालयाच्या जुन्या नोंदी संशोधकांना द्यायच्या होत्या. त्याआधी त्यातले फोन नंबर, पत्ते, ओळख पटेल असं सगळं झाकायचं होतं. सलग दहा अंक, त्यातला पहिला सहा ते नऊ यांपैकी, हा मोबाइल नंबरचा नमुना, म्हणजे पॅटर्न. असे शेकडो नमुने, वेगवेगळ्या लोकांनी लिहिलेले. आमचा प्रोग्रॅम पायथॉन या भाषेत. नमुने शोधायची सोय पायथॉनमध्ये असतेच, पण तिची पद्धत अशी, की एक वाट धरायची, ती बंद निघाली तर मागे फिरून दुसरी धरायची. बहुतेक वेळा हे झटपट होतं. पण नमुना गुंतागुंतीचा असेल, तर मजकुरात एक अक्षर वाढलं की काम दुप्पट होऊ शकतं. तीस अक्षरांना प्रयत्न शंभर कोटींच्या घरात जातात. गणिताच्या सरांनी शिकवलेली दोनाच्या घातांची ताकद ती हीच.

ही भीती पुस्तकी नाही. २ जुलै २०१९ रोजी क्लाउडफ्लेअर कंपनीच्या एका नव्या नियमात असाच एक नमुना होता. त्याने त्यांच्या जगभरच्या सर्व्हरांना कामाला जुंपलं आणि सुमारे २७ मिनिटं असंख्य संकेतस्थळं उघडेनात.

यावरचा उपाय मात्र जुना आहे. केन थॉम्पसन यांनी १९६८ साली दाखवलं, की सगळ्या वाटांवर एकदम चालत गेलं तर मजकुरातलं प्रत्येक अक्षर एकदाच वाचावं लागतं. मागे फिरणं नाहीच. याच विचारावर रस कॉक्स यांनी आरई-टू ही लायब्ररी लिहिली. गूगलने ती २०१० मध्ये सर्वांसाठी खुली केली. काही सोयी तिने मुद्दाम सोडल्या आहेत. उदाहरणार्थ, आधी सापडलेलाच शब्द पुढे पुन्हा आला का, हे तिला विचारता येत नाही. त्या बदल्यात काम कधी हाताबाहेर जात नाही. आम्हाला हा सौदा मान्य होता.

फक्त ती सी प्लस प्लस भाषेत आहे. तिच्यासाठी पायथॉनची तयार जोडणी मिळते, पण रुग्णालयाचा सर्व्हर जुना आणि इंटरनेटपासून तोडलेला. म्हणून ती मूळ कोडपासून बांधायची आणि पायथॉनशी स्वतः जोडायची, हे माझं काम.

पहिली अडचण नावांची. सी प्लस प्लसचा कंपायलर फंक्शनच्या नावाला शेपट्या लावून ते बदलून टाकतो. पायथॉन मूळ नावाने हाक मारतो आणि "असं इथे कोणी नाही" असं उत्तर येतं. लग्नानंतर नाव बदललेल्या मैत्रिणींना शोधताना समितीचे जे हाल झाले, तेच. उपाय असा, की मध्ये सी भाषेतला एक पातळ थर लिहायचा आणि त्यातल्या फंक्शनांना माहेरचंच नाव ठेवायला सांगायचं.

दुसरी अडचण जुन्या सर्व्हरची. नव्या मशीनवर बांधलेली लायब्ररी जुन्या लिनक्सवर चालेलच असं नाही, कारण ती नव्या आवृत्तीतल्या गोष्टी मागते. म्हणून जिथे चालवायची तितक्याच जुन्या लिनक्सवर बांधायची.

तिसरी अडचण मालकीची. सी प्लस प्लसने घेतलेली मेमरी पायथॉन आपणहून आवरत नाही. शेजारणीचा डबा तिच्याच घरी परत द्यायचा असतो, तशी ती त्याच बाजूला परत करावी लागते. नाहीतर प्रोग्रॅम चार दिवस नीट चालतो आणि पाचव्या दिवशी मेमरी संपून बंद पडतो.

खरी गोष्ट चौथी. जोडणी झाली, चाचण्या पास झाल्या. सगळ्या चाचण्या इंग्रजीत होत्या. मी त्यात "फोन" हा शब्द, एक मोकळी जागा आणि दहा अंकी नंबर अशी एक मराठी ओळ घातली. नंबरचे पहिले सहा अंक उघडेच राहिले!

कारण साधं आहे. पायथॉन अक्षरखुणा मोजतो. फ, ओकाराची मात्रा, न आणि मोकळी जागा मिळून चार. म्हणून त्याच्या लेखी नंबर चार खुणांनंतर सुरू होतो. आमची लायब्ररी मोजते बाइट. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीची प्रत्येक खूण तीन बाइटची, मोकळी जागा एक बाइटची. म्हणून तिचं उत्तर दहा. त्या दहाला खुणा समजलं, की झाकण सहा घरं पुढे बसतं. इंग्रजीत एक अक्षर म्हणजे एक बाइट, त्यामुळे दोन्ही मोजण्या तंतोतंत जुळतात आणि चूक कोणाला दिसतच नाही. आम्ही मधल्या थरात बाइटचे खुणांत रूपांतर घातलं, मराठी ओळी चाचण्यांत कायमच्या ठेवल्या आणि मगच नोंदी पुढे गेल्या.

मित्रहो, दोन भाषा जोडताना नाव जुळलं नाही तर यंत्र निदान आरडाओरडा करतं. पण एक बाजू शेरात मोजते आणि दुसरी किलोत, हे कोणीच बोललं नसेल, तर सगळं शांतपणे चुकतं. ज्याच्या भाषेत ते चुकतं, त्या रुग्णाला त्याचा पत्ताही लागत नाही. मराठीच्या बाईंनी काना, मात्रा, जोडाक्षरं घोटून घेतली, तेव्हा वाटायचं की परीक्षेपुरतं आहे. आज तेच मोजणं माझ्या रोजच्या कामात आहे.

म्हणून एक विनंती. तुमच्या दुकानात, दवाखान्यात, पतपेढीत किंवा आपल्या शाळेच्या कार्यालयात नवं सॉफ्टवेअर आलं, की विकणाऱ्यासमोरच पहिली नोंद मराठीत करा. चांगलं जोडाक्षर असलेलं नाव घाला, ते शोधून बघा, छापून बघा. बिघडलं तर तिथल्या तिथे सांगा. दुरुस्ती करणारे माझ्यासारखे लोक असतात. त्यांच्यापर्यंत ती ओळ पोहोचली पाहिजे, एवढंच.