दवाखाना बांधला, डॉक्टर कोण टिकवणार?
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



कर्जत म्हटले की तुमच्यापैकी निम्म्यांच्या डोळ्यांपुढे नगरकडचे, ज्वारीचे कर्जत येते. आज बोलायचे ते रायगडातल्या कर्जत-खालापूरबद्दल. तिथे पीक भाताचे, पाऊस धो धो, आणि मुंबईची लोकल थेट कर्जत-खोपोलीपर्यंत जाते. तरी डॉक्टरचा प्रश्न आपल्या कोरडवाहू पट्ट्यासारखाच.

उलट लोकल आहे म्हणूनच तिथे तो जास्त अवघड. सकाळच्या गाडीने यावे, संध्याकाळच्या गाडीने कल्याण-डोंबिवलीला परतावे, अशी डॉक्टरला सोय. मण्यार मात्र रात्रीच चावते. नकाशावर हे तालुके मुंबईच्या अंगणात. पण 19 जुलै 2023 च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा वाडीला गाडीरस्ता नव्हता. मदतीला जाणारे चिखलातून डोंगर चढून गेले. अशा वाड्यांतल्या बाळंतिणीला मुंबई किती लांब, ते तिलाच विचारा.

डोंगरी-आदिवासी भागात 20,000 लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, सपाटीला 30,000 मागे, हे सरकारी माप आपल्याला पाठ आहे. इमारती होतात. त्यात माणूस आणायला सरकारकडे हत्यारे दोन: बंधपत्र आणि आमिष.

बंधपत्र म्हणजे काय? सरकारी महाविद्यालयात एम.बी.बी.एस. झालेल्याने एक वर्ष सरकारी सेवा करायची. नाही तर दंड. कित्येक वर्षे हा दंड 10 लाख रुपये होता. ज्याच्या बापाकडे 10 लाख, तो सुटला. आम्हाला यात जुनी लेव्ही दिसते. कापूस एकाधिकार खरेदीतही भाव परवडेना तेव्हा बैलगाड्या सीमेपलीकडे गेल्याच की! सक्तीने आलेला माणूस वर्ष मोजतो, गाव बघत नाही.

आमिषाचे काही बरे आहे. दुर्गम भागातल्या सेवेच्या दर वर्षामागे पदव्युत्तर प्रवेश परीक्षेत 10 टक्के, जास्तीत जास्त 30 टक्के वाढीव गुण, अशी तरतूद झाली. सेवेतल्या डॉक्टरांसाठी राज्यांना पदव्युत्तर जागा राखता येतात, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2020 मध्ये मान्य केले. डॉक्टर यायला हे उपयोगी आहे. पण यातला डाव ओळखा: बक्षीस मिळते ते गाव सोडून शिकायला जाण्याचे. अनुदान बियाण्याच्या पिशवीवर, उगवणीवर नाही, तसेच हे.

मग टिकतो कोण? याच रायगडचे उदाहरण घ्या. जालना जिल्ह्यातल्या देहेड गावच्या गरीब शेतकऱ्याचा मुलगा हिंमतराव बावस्कर 1970 च्या दशकात महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात आले. विंचूदंशाने पोरे मरताना पाहिली. रात्र रात्र रुग्णांजवळ बसून नोंदी ठेवल्या, त्या 1982 साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आल्या. रक्तदाबाच्या प्राझोसिन या गोळीने गंभीर रुग्णांतले मृत्यू शंभरात चाळीसच्या आसपास होते ते एकाच्या घरात आले. पुण्याला एम.डी. करून माणूस परत कोकणातच आला. 2022 साली पद्मश्री मिळाली. सगळेच बावस्कर नसतात, मान्य. पण शेतकऱ्याच्या घरातून आलेला डॉक्टर गावात जास्त टिकतो, हे जागतिक आरोग्य संघटनेनेही 2010 च्या शिफारशींत सांगितले. थायलंडने तर 1994 पासून ग्रामीण मुलांना निवडून, त्यांच्या भागातल्या रुग्णालयात शिकवून परत तिथेच नेमायची योजना चालवली.

अलिबागला 2021 पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. कर्जत-खालापूरच्या ठाकूर-कातकरी वाड्यांतली, आणि आपल्याकडची मराठी शाळेतली पोरे तिथवर पोचतील असे काही करा, ही पहिली मागणी. दुसरी, केंद्राच्या आवारात पाणी-वीज असलेले राहते घर, आणि नवरा-बायको दोघे नोकरीत असतील तर एकाच तालुक्यात नेमणूक. तिसरी, भत्ता नेमणुकीवर नको, रात्रीच्या हजेरीवर द्या.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकाने आपल्या केंद्रात डॉक्टरच्या मंजूर जागा किती, भरलेल्या किती, आणि मुक्कामाला कोण राहते, एवढे लिहून आणायचे आहे.