भिंतीपलीकडचा आवाज



आपल्या शहराजवळील वेरूळच्या लेण्यांतील गिलाव्यात भांगेच्या रोपाचे तंतू मिसळलेले आहेत, हे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून पुढे आले, आणि असा गिलावा ध्वनी शोषून घेत असल्याने तेथील भिक्षूंना शांतता लाभली असावी, असे अनुमानही संशोधकांनी मांडले. परंतु यावरून कोणी दोन खोल्यांमधल्या भिंतीला मऊ आवरण डकवू लागेल, तर त्याची निराशा होईल. कारण मऊ पदार्थ त्याच खोलीतील घुमणारा आवाज शमवितो, पलीकडून येणाऱ्या आवाजाला अडविते ते भिंतीचे वजन.

शहरातील गुलमंडी भागातील जुन्या वाड्यांच्या जाड भिंती शांत का, याचे उत्तर हेच. आमच्या सिडको वसाहतीतील घराची मधली भिंत साडेचार इंची विटांची. तिचे वजन दुप्पट केले तरी सुमारे ६ डेसिबलचाच लाभ होतो, आणि आवाज निम्मा भासावयास सुमारे १० डेसिबलची घट लागते. म्हणून असलेल्या भिंतीवरच आणखी थर चढविण्यापेक्षा, तिला स्पर्श न करणारा, केवळ जमीन व छत यांचा आधार घेणारा सांगाडा उभारून, मधल्या पोकळीत दगडी लोकर भरून, वर जिप्सम बोर्डाचे दोन थर बसवावेत, हा खरा इलाज होय. त्यापायी खोलीची चार-पाच इंच जागा खर्ची पडते.

परंतु तत्पूर्वी फटींचा बंदोबस्त जरूर करावा. शंभर चौरस फुटांच्या भिंतीत एकच चौरस फूट जागा मोकळी राहिली, तर एरवी ४५ डेसिबल अडविणारी ती भिंत अवघे २० डेसिबल अडविते. माझ्या मातोश्री आजारी असताना दिवाणखान्यातील बोलण्याचा शब्दन् शब्द त्यांच्या कानी पडे, आणि आम्ही मात्र भिंतीस दोष देत राहिलो. वास्तविक दोन्ही बाजूंचे स्विचबोर्ड पाठीला पाठ लावून एकाच भोकात बसविलेले होते. वीजतंत्र्याकडून ते भोक बुजवून घेतले, दाराखाली रबरी पट्टी लावली, आणि त्यांना झोप लागू लागली. हे आधी न सुचल्याची खंत मला अजूनही वाटते.

तेव्हा भिंतीचे काम काढण्यापूर्वी आज रात्री एवढे करा: पलीकडच्या खोलीत दिवा लावून आपल्या खोलीत अंधार करा, आणि दाराखालून, स्विचबोर्डाच्या कडेने, नळांच्या भोकांतून कोठे उजेड येतो ते पाहून तेथे खूण करून ठेवा.